‘फास्ट’ : वेगाचा आणि व्रताचा एकच शब्द

पर्युषणाचे दिवस आले की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जैन घरांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. इंग्रजी शाळेत जाणारे मूल विचारते, ‘‘फास्ट म्हणजे भरभर ना? मग आजीच्या उपवासाला फास्ट का म्हणायचे?’’ घरातील वडीलधारे हसतात आणि ‘ते दोन निराळे शब्द आहेत’ असे सांगून मोकळे होतात. वस्तुतः ते दोन शब्द नाहीत. एकाच मुळाला फुटलेल्या फांद्या आहेत.

या परिसरात ‘फास्ट’ म्हणजे प्रथम गाडी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली आणि १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. आज ‘फास्ट मिळाली’ एवढे म्हटले की पुढे ‘लोकल’ म्हणावेही लागत नाही. पेढी वेळेवर उघडायची असलेल्या व्यापाऱ्याच्या दिवसाचा आरंभच या शब्दाने होतो.

तोच व्यापारी कापडाच्या दुकानात बसला की मात्र शब्दाचा अर्थ उलटतो. ‘रंग फास्ट आहे’ असे तो गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा रंग वेगवान असल्याचे त्याला सुचवायचे नसते. धुतला तरी न उतरणारा, पक्का रंग त्याला अभिप्रेत असतो. गाडीचे फास्ट धावते, कापडाचे फास्ट जागचे हलत नाही. इंग्रजीत जिवलग मित्र ‘फास्ट’ असतो, गाढ झोपही ‘फास्ट’ असते आणि घट्ट धरून ठेवण्यालाही हाच शब्द लागतो. मराठीतील ‘पक्का’ हा त्याचा सख्खा भाऊ शोभावा: पक्का रंग, पक्की पावती, पक्का दोस्त.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट, दृढ, अढळ असाच होता. वेगाचा अर्थ मागाहून आला. मग स्थैर्याचा शब्द वेगाकडे कसा गेला? त्याचे उत्तर मराठीतही सापडते. ‘जोर’ म्हणजे बळ. परंतु ‘तो जोरात धावला’ असे म्हणताच बळाचा वेग होतो. ‘फास्ट’चेही तसेच झाले. दृढपणे केलेले काम ते जोमाने केलेले काम, आणि जोमाने धावणे ते वेगाने धावणे.

उपवासाचा अर्थ मात्र मुळाशी अधिक जवळ राहिला. इंग्रजीच्या नात्यातील प्राचीन गॉथिक भाषेत याच मुळापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ ‘राखणे, पाळणे’ असा होता आणि उपवास करण्यालाही तेच क्रियापद योजले जाई. म्हणजे त्या शब्दात उपाशी राहणे दुय्यम. नेम घट्ट धरणे मुख्य. जैन श्रावकाला हा विचार परका नाही. पच्चक्खाण न घेता दिवसभर अन्न न घेणे ही केवळ उपासमार. पच्चक्खाण घेतले की त्याचे तप होते. ‘उपवास’ या शब्दाची फोडही ‘जवळ राहणे’, आत्म्याच्या सन्निध वसणे, अशी केली जाते. आणि सकाळच्या न्याहारीचे ‘ब्रेकफास्ट’ हे नाव उघडून पाहिले तर तेथे रात्रीच्या उपवासाचे पारणेच निघते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबून नवकारसी पाळणाऱ्या घरात तो शब्द अक्षरशः खरा ठरतो.

ठाण्याला तर या दृढतेची परंपराच लाभली आहे. टेंभी नाक्याजवळील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर श्रीपाल राजा आणि मयणासुंदरी यांच्या कथेशी जोडले जाते. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवपदाच्या ओळीत नऊ दिवस आयंबिल करणारे श्रावक दिवसातून एकदाच, तेही तूप, तेल, दूध, दही, साखर वर्ज्य करून जेवतात. त्यांच्यापैकी कित्येकजण त्याच दिवशी फास्ट लोकलही पकडतात.

या दोन फास्टची गाठ जेथे पडते तेथे विचार करण्याजोगे काही आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे प्राण गेले. दारात लोंबकळणाऱ्याजवळ वेग असतो, आधार नसतो. उपवासाच्या दिवशी अंगात शक्ती कमी असताना तरी श्रावकाने एक गाडी सोडून द्यावी, दुकान पंधरा मिनिटे उशिरा उघडावे. जीवदयेच्या धर्मात स्वतःचा जीव आणि त्याची घरी वाट पाहणारी माणसे वगळलेली नाहीत.

व्यापारालाही हेच लागू पडते. माल झपाट्याने फिरावा, उधारी लवकर वसूल व्हावी, ही इच्छा रास्तच. परंतु पेढीचे नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकते ते वेगावर नव्हे. पक्क्या रंगावर, पक्क्या वजनावर आणि दिलेल्या शब्दावर.

म्हणून मुलाने पुन्हा तो प्रश्न विचारला तर त्याला हसण्यावारी नेऊ नये. आजीचा उपवासच त्या शब्दाच्या जुन्या अर्थाशी अधिक इमान राखून आहे. गाडी त्या अर्थाला नंतर येऊन मिळाली, एवढे त्याला सांगावे.