वंशावळीतील आजी

पणजोबांचे नाव पुष्कळ मुलांना सांगता येते. परंतु पणजीचे नाव विचारले की मुले एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. यात मुलांचा दोष नाही. वंशावळ लिहिणाऱ्यांनीच तिला तिच्यात जागा ठेवली नाही.

कळंबोलीहून पनवेल ओलांडून दक्षिणेस गेले, की कर्नाळ्याचा उंच सुळका दिसू लागतो. या किल्ल्याची किल्लेदारी अनंतराव फडके यांच्याकडे होती. 1818 साली इंग्रजांनी किल्ला जिंकून घेतला. अनंतरावांचे पुत्र बळवंतराव आणि बळवंतरावांचे पुत्र वासुदेव. जवळच्या शिरढोण गावी 4 नोव्हेंबर 1845 रोजी जन्मलेला हा नातू पुढे इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र घेऊन उठला आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी दूर एडन येथे बंदिवासात निवर्तला. या तीन पिढ्या सलग जुळतात, कारण आजोबांजवळ अधिकार होता आणि नातवाने इतिहास घडविला. वासुदेवाच्या मातोश्री सरस्वतीबाई व पत्नी गोपिकाबाई यांची नावेही चरित्रकारांमुळे टिकली. परंतु अनंतरावांच्या पत्नीचे नाव किती जणांना सांगता येईल?

मग ज्या घरात किल्लेदारही नव्हता आणि क्रांतिवीरही नव्हता, त्याची कथा काय? त्या काळी कळंबोलीच्या परिसरात भातखाचरे राखणारी अशीच घरे होती. त्यांची वंशावळ लावणे कठीण खरे. पण अशक्य नव्हे. जमिनीचे जुने फेरफार, पेटीच्या तळाशी जपलेले एखादे मोडी खरेदीखत, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांतून पुरुषांची नावे हाती लागतात. नातवाला आजोबांचेच नाव ठेवण्याच्या रीतीमुळे एकाच नावाचे दोघे भेटतात व शोधणारा गोंधळतो, ती गोष्ट निराळी! स्त्रियांचा माग मात्र लवकर तुटतो. विवाहसमयी वधूचे आडनाव तर बदलेच, पण अनेक घरी तिचे नावही नवे ठेवीत. माहेरच्या कागदात ती लेक म्हणून क्वचितच येई आणि सासरच्या वंशावळीत पुत्राच्या नावामागे लपून जाई.

काही लोक म्हणतात, जुनी नावे उकरून काय मिळणार? कळंबोलीत तरी हा प्रश्न कोणी विचारू नये. 1970 साली सिडको स्थापन झाली, नगर वसविण्यासाठी खाचरे संपादित झाली आणि पुढे साडेबारा टक्के योजनेत मूळ जमीनधारकांना किंवा त्यांच्या वारसांना भूखंड देण्याचे ठरले. वारस कोण, हे वंशावळीवाचून ठरत नाही. 2005 सालच्या कायद्यातील दुरुस्तीने वडिलोपार्जित संपत्तीत हिंदू कुटुंबातील मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. पण वंशावळीत जिचे नावच लिहिले नाही, तिला तो हक्क मिळविण्यासाठी किती खेटे घालावे लागतात! नाव गाळणे ही केवळ विस्मृती नव्हे, तो अन्याय आहे. म्हणून मुलांनी वंशावळ काढताना प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या पत्नीचे, आणि प्रत्येक भावाशेजारी त्याच्या बहिणीचे नाव लिहावे.

आरंभ घरातूनच करता येईल. अंगणात भाजी निवडीत बसलेल्या आजीजवळ वही घेऊन बसावे आणि तिचे माहेरचे नाव विचारावे. ती आधी हसेल, "आता कशाला रे ते?" असे म्हणेल. मग हातातली भाजी खाली ठेवील आणि आपले, आपल्या आईचे, आईच्या आईचे नाव सांगू लागेल.