फायरवॉल घेण्यापूर्वी

झाशी जिल्ह्यातील गुरसराय हे एके काळी मराठी जहागिरीचे ठिकाण. अशा लहान गावांतही आता घरात इंटरनेट येते आणि टीव्ही, दोन-तीन मोबाइल, मुलांचा संगणक, अंगणातला कॅमेरा असे सारे एकाच राउटरला जोडले जाते. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘फायरवॉल घ्या.’ कोणती घ्यावी?

बहुतेक घरांनी नवी काही घेऊच नये. फायरवॉल म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. घरातून गेलेल्या मागणीचे उत्तर तो आत सोडतो, न बोलावता आलेल्याला बाहेरच अडवतो. घरचा राउटर हे काम बहुधा करतच असतो. संगणकातही फायरवॉल असते. विंडोजमध्ये ती २००४ सालापासून मुळातच चालू असते. ती कोणी बंद तर केली नाही ना, एवढे पाहावे. फायरवॉलची वेगळी पेटी कार्यालयांना ठीक; घरी तिचे नियम सांभाळणार कोण?

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्याच्याजवळ शस्त्र काय, तर कारखान्यात घातल्या जाणाऱ्या सुमारे ६० नाव-पासवर्डच्या जोड्या! तेव्हा राउटर बसवायला आलेल्या माणसाकडून ॲडमिन पासवर्ड बदलण्याची रीत विचारून घ्यावी आणि तो स्वतः बदलावा. (वाय-फायचा पासवर्ड निराळा, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) कॅमेरा आणि टीव्ही ‘गेस्ट’ वाय-फायवर ठेवावेत. ‘यूपीएनपी’ची सोय गरज नसेल तर बंद करावी, तिच्यामुळे घरातले एखादे यंत्र राउटरकडून बाहेरच्यांसाठी परस्पर वाट उघडून घेते. नवा राउटर घ्यायचाच झाला, तर अँटेना मोजत बसण्यापेक्षा कंपनी किती वर्षे अपडेट देणार ते विचारावे.

१८५८ च्या वेढ्यात झाशीचा ओरछा दरवाजा दुल्हाजूने आतून उघडला, असे तिकडे सांगतात. आज ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा भामटा आजोबांना गोड बोलून मोबाइलवर एक ॲप घ्यायला लावतो, त्यातून त्याला सारा पडदा दिसतो आणि पेन्शनची रक्कम जाते. ॲप आजोबांनीच घेतलेले, त्यामुळे फायरवॉलला यात वावगे काही दिसत नाही. असे झालेच तर तत्क्षणी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पुण्याचा मुलगा रात्री कामावरून परतेपर्यंत थांबू नये.