रिकाम्या तासाचे मूल्यमापन

"सर, ह्याला क्रेडिट किती?"

भित्तिपत्रकासाठी काही लिहून आणा, असे प्रथम वर्षाच्या वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून हा प्रश्न आला. तो उद्धटपणे विचारलेला नव्हता. तरीही शिक्षक-कक्षात परतल्यावर आम्ही मराठी विभागातल्या तिघांनी त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले. हल्लीच्या मुलांना निखळ आनंद ठाऊक नाही, जिथे तिथे हिशेब, वगैरे. चहा संपेपर्यंत हे चालले. मग आमच्यापैकी एकाने त्या मुलाचा दिवस मांडून दाखवला. पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर धावणे, सकाळी तास, दुपारी 'कमवा व शिका' योजनेत ग्रंथालयातले काम, संध्याकाळी खोलीवर स्वयंपाक, हंगामात सुटीच्या दिवशी मिरचीच्या पथारीवर मजुरी. ज्याच्या तासाला बाजारात भाव आहे, त्याने आपला तास मागणाऱ्याला मोबदला विचारला, तर त्यात वावगे काय? आम्ही गप्प झालो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची नवी रचना महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाली. राष्ट्रीय सेवा योजना, खेळ, सांस्कृतिक उपक्रम या गोष्टी तिच्यात सह-अभ्यासक्रम म्हणून श्रेयांकांच्या हिशेबात आल्या. पूर्वी ज्याला आम्ही 'तासानंतरचे' म्हणत असू, त्याची आता नोंदवही झाली आहे. त्यावरून प्राध्यापकांत दोन पक्ष पडले आहेत. एकाला यात सर्जनशीलतेचा मृत्यू दिसतो, दुसऱ्याला तिचा उशिरा झालेला सन्मान. आम्हांला हा वाद दुय्यम वाटतो. मुलांच्या मोकळ्या वेळात जे बोलले, गायले, रचले जाते ते आपल्या कानांवर पडते का, आणि पडले तर आपण त्याचे काय करतो, हा आधीचा प्रश्न आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर आमच्या बाजूने जात नाही.

मराठी साहित्यविचारात महाविद्यालयीन फावल्या वेळाचे एक ठरीव चित्र आहे. कट्टा, चहा, स्नेहसंमेलन, एकांकिका, वार्षिकांकातली पहिली कविता. हे चित्र पुण्या-मुंबईचे. छोट्या गावातल्या महाविद्यालयाचे बारकाईने केलेले चित्रण हवे असेल तर भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार', 'हूल' (दोन्ही १९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांकडेच वळावे लागते. चांगदेव पाटलाच्या वाट्याला आलेले संस्थाचालक, शिक्षक-कक्षातली कुजबुज, भाड्याच्या खोल्या हे सारे आम्हांला आजही ओळखीचे वाटते. परंतु ते जग प्राध्यापकाच्या खोलीतून पाहिलेले आहे. तास संपल्यावर विद्यार्थी कुठे जातो, कोणाशी कोणत्या भाषेत बोलतो, हे तिथून दिसत नाही. आम्हीही ते बरीच वर्षे पाहिले नाही. आम्हांला आमच्या खोलीची खिडकी पुरत होती.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. आमच्या एका वर्गात पावरी, भिली, मावची, अहिराणी आणि गुजरी बोलणारी मुले शेजारी-शेजारी बसतात, आणि नवापूरकडच्या मुलाला मराठीपेक्षा गुजराती बरी येते असेही घडते. प्रमाण मराठी ही या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाची शाळेत भेटलेली भाषा आहे. घरात ती कोणाचीच नाही. दिवाळीनंतर कित्येक घरे ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीच्या सुमारास परततात. तेव्हा मोठा मुलगा धाकट्यांसाठी गावी थांबतो आणि आमच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघा पडतात. होळीचे दिवस आले की वर्ग आपोआप रिकामा होतो. काठीच्या होळीला जे रात्रभर ढोलावर नाचतात, जे मोरपिसांचा टोप चढवून बुध्या होतात, त्यांच्यातले काही आमचेच विद्यार्थी असतात, आणि त्या आठवड्यात आम्ही 'लोकसाहित्य : स्वरूप व विशेष' हे प्रकरण रिकाम्या बाकांना शिकवलेले आहे.

या मुलांना 'फावला वेळ' असा सलग मिळत नाही. तो तुकड्यांनी मिळतो. एसटीची वाट पाहताना, प्राध्यापक न आल्याने सुटलेल्या तासाला, शिबिरातल्या रात्री. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात एकदा रात्री जेवणानंतर मुलांनी सोंगाड्या पार्टीची नक्कल केली. जो मुलगा वर्गात 'येस सर'पलीकडे वर्षभर बोलला नव्हता, तो अर्धा तास एकट्याने सावकार, तलाठी, म्हातारी आणि म्हातारीची कोंबडी अशी चार सोंगे वठवत होता. मुले हसून लोळत होती. आम्हांला निम्मे कळले नाही, तरी आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी बौद्धिक सत्रात त्यालाच उभे करून आम्ही 'माझा आवडता छंद' या विषयावर बोलायला सांगितले. तो चार वाक्ये बोलून खाली बसला. आम्ही अहवालात लिहिले : विद्यार्थ्यांमध्ये सभाधीटपणाचा अभाव आढळला.

सर्जनशील लेखनाच्या वर्गाचेही असेच. कार्यशाळा आम्ही हौसेने घेतल्या. शहरातून पाहुणे आणले. 'पहिला पाऊस' हा विषय दिला. चाळीस कागदांवर चाळीस वेळा मातीचा सुगंध दरवळला, चातक तृप्त झाला, बळीराजा सुखावला. ज्यांच्या घरी पहिल्या पावसाच्या आधी कौले चाळली गेली नाहीत तर रात्र उभ्याने काढावी लागते, त्यांनी हे लिहिले होते. पाहुणे म्हणाले, भाषा चांगली आहे. भाषा आमची होती. आम्ही पाठ्यपुस्तकातून त्यांना दिली आणि त्यांनी ती चोख परत केली.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी आम्ही आजवर आपापसांतही पुरती बोललो नव्हतो.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने वार्षिकांकासाठी लेख दिला. ती पुनर्वसन वसाहतीतली. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावे आली. त्यांतल्या अनेक कुटुंबांना तळोदा-शहादा भागातल्या वसाहतींत जमिनी मिळाल्या. मुलीचा जन्म वसाहतीतलाच. नर्मदा तिने पाहिली होती ती आजीच्या बोलण्यात. लेखाचा विषय आजीच होता. आजी नदीच्या काठाला एकच नाव देत नसे, असे तिने लिहिले होते. गाळपेर होते तो काठ वेगळा, गुरे उतरतात तो वेगळा, खडकाचा वेगळा, आणि पूर ओसरल्यावर काही दिवसच दिसतो तो आणखी वेगळा. चारही शब्द तिने पावरीतले जसेच्या तसे लिहिले होते. आम्ही संपादक. आम्ही ते चारही खोडले आणि चारही ठिकाणी 'नदीकाठ' असे सुधारले. पुनरुक्ती होते म्हणून त्यांतली दोन वाक्ये काढूनही टाकली. लेख छापून आला, शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तिने अंक घेतला, लेख वाचला, "छान आहे, मॅडम," असे म्हणाली. पुढच्या दोन वर्षांत तिने अंकाला काहीही दिले नाही. आम्ही मागितले तेव्हा अभ्यासाचे कारण सांगितले.

सरदार सरोवराचे दरवाजे २०१७च्या जूनमध्ये बंद झाले आणि सप्टेंबर २०१९मध्ये धरण १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. ते काठ आता पाण्याखाली आहेत. त्यांची नावे एका म्हातारीच्या तोंडी होती आणि तिथून एका मुलीच्या वहीत उतरली होती. मूळ हस्तलिखित आम्ही जपलेले नाही. छापलेला लेख आहे, पण त्यात ते शब्द नाहीत. धरणाविषयी आमची मते आम्ही अनेकदा मांडली आहेत. या चार शब्दांची जबाबदारी मात्र कोणत्याही सरकारवर टाकता येत नाही.

या प्रांतातल्या बोली कागदावर उतरवण्याचा मोठा उद्योग परक्यांनी केला. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा भिल्ली भाषांवरचा खंड १९०७चा. त्यात मावची, पावरी, देहवाली यांचे नमुने आहेत. नमुन्यासाठी सर्वत्र वापरलेला मजकूर म्हणजे बायबलमधल्या उधळ्या पुत्राचा दृष्टान्त. म्हणजे घर सोडून गेलेल्या आणि मग परत आलेल्या मुलाची गोष्ट. बोली तपासायची होती, बोलणाऱ्याची स्वतःची गोष्ट तिथे अनिवार्य नव्हती. सव्वाशे वर्षांनी आम्ही 'पहिला पाऊस' दिला. आमच्यात आणि त्या साहेबात फरक एवढाच की त्याने निदान बोलीतले शब्द बदलले नाहीत.

दुसरे उदाहरण आमच्या विद्यापीठाच्या नावातच आहे. २०१८पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लावते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या रचत गेल्या आणि सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ यांनी ते टिपून घेतले. १९५१मध्ये त्या गेल्या, १९५२मध्ये अत्र्यांच्या पुढाकाराने कविता प्रसिद्ध झाल्या. बहिणाबाईंच्या प्रतिभेचे गोडवे आपण गातो आणि ते रास्तच आहे. परंतु टिपून घेणाऱ्यांनी ती भाषा 'सुधारली' असती तर आज आपण काय वाचले असते? टिपणाऱ्याचा संयम हाही वाङ्मयीन गुण आहे, आणि शिक्षकाला त्याची गरज कवीपेक्षा अधिक आहे.

वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (१९८७) हा संग्रह तर आमच्या अंगणातला. त्यामागे सर्जनशील लेखनाचा कोणताही वर्ग नव्हता. शहादा भागातली १९७०च्या दशकातली श्रमिकांची चळवळ होती. आपले दुःख दुसऱ्यानेच आपल्याला सांगावे, याविषयीचा त्यांचा संताप आमच्या वर्गाला शिकवताना दरवेळी थोडे अवघडल्यासारखे होते. कारण व्यासपीठावर त्या वेळी आम्ही उभे असतो. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांच्या बोलीतून आणि परिसरातून शिकवायला आरंभ केला, तेही इथेच. पहिलीतल्या मुलाला जे मिळू शकले ते प्रथम वर्ष कलेच्या विद्यार्थ्याला आम्ही देऊ शकलो नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विद्यार्थ्यांकडूनच येतो. भरतीची परीक्षा पावरीत होत नाही, मुलाखत मावचीत होत नाही. आम्हांला प्रमाण मराठी शिकवा, आमची बोली आम्हांला येते. हे म्हणणे आम्ही हलके समजत नाही. बोलीचे कौतुक करून मुलांना तिथेच बसवून ठेवणे हा कळवळ्याच्या वेषातला अन्यायच आहे. उत्तरपत्रिकेत शुद्धलेखन तपासलेच पाहिजे, अर्ज निर्दोष लिहिता आलाच पाहिजे. पण प्रत्येक कागद ही उत्तरपत्रिका नसते. लाल शाई कुठे थांबवायची हे शिक्षकाला कळले नाही, तर विद्यार्थी दोन्ही भाषांत मुका होतो. शिबिरातला तो मुलगा आम्ही पाहिला आहे.

म्हणून गेल्या वर्षापासून आम्ही थोडे बदल केले. भित्तिपत्रकाचा मजकूर कोणत्याही बोलीत चालतो. शेजारी मराठी अर्थ लिहिणाऱ्यानेच द्यायचा, म्हणजे प्रमाण भाषेचा सरावही होतो. मजकुरात शिक्षकाने हात घालायचा नाही, शंका असेल तर विचारायची. बैठक शेवटच्या एसटीच्या आधी संपते आणि दिवाळी ते होळी या काळात तिची सक्ती नसते. पावरीतला एक विशिष्ट स्वर देवनागरीत कसा लिहावा यावर एका दुपारी पाऊण तास भांडण झाले. भाषाविज्ञानाच्या तासाला इतकी उपस्थिती आम्ही कधी पाहिली नव्हती. सगळा मजकूर चांगला येतो असे मुळीच नाही. 'पहिला पाऊस' अजून येतोच, फक्त आता तो दोन भाषांत येतो. मात्र अधूनमधून एखादा शब्द असा येतो की त्याच्यासाठी आमच्याकडे एकच ढोबळ शब्द असल्याचे आमच्या ध्यानात येते.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाला आम्ही उत्तर दिले ते असे : नियमात बसतील तेवढे श्रेयांक आम्ही मागून घेऊ, कारण तुझा तास फुकट मागण्याचा अधिकार आम्हांला नाही. गुण मात्र देणार नाही, कारण तू लिहिशील ते तपासण्याची पात्रता आमच्यात अजून आलेली नाही. तो हसला. पुढच्या आठवड्यात त्याने मिरचीच्या पथारीवर लिहिलेले एक पान आणून दिले. त्यात एक शब्द आम्हांला कळला नाही. आम्ही तो त्यालाच विचारला.