लकवा, आयुर्मान आणि योजनांमधलं 'म्हातारपण'

दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षे आधी मरते, हा आकडा आपल्या ग्रुपवर वारंवार फिरतो. तो संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालातला आहे: मृत्यूसमयीचं सरासरी वय ३९.५ विरुद्ध ५४.१. पण मृत्यूसमयीचं सरासरी वय म्हणजे आयुर्मान नव्हे. ज्या समाजात बालमृत्यू जास्त आणि लोकसंख्या तरुण, तिथे ते आणखी खाली दिसतं. आयुर्मान मोजणारा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात नऊ राज्यांमध्ये दलितांचं आयुर्मान उच्चजातीय हिंदूंपेक्षा तीन वर्षांहून जास्त, तर आदिवासींचं चार वर्षांहून जास्त कमी निघालं. गरिबीचा हिशोब धरूनही फरक पूर्ण मिटला नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. भाषणात आकडा वापरताना एवढं भान हवं, नाहीतर समोरचा तेवढ्यावरच आपल्याला खोडून काढतो.

हे झालं मरणाचं. लकव्यातून वाचलेल्यांचं काय?

मोठं कारण रक्तदाब, आणि तो दुखत नाही म्हणून गोळी बंद होते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की १०८ ला फोन करायचा. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून. आपल्याकडे पहिला दिवस अनेकदा मालिशवाल्याकडे जातो.

महात्मा फुले योजना दवाखान्यात भरती असताना कामी येते. खरी लढाई सुट्टी मिळाल्यावर असते. पहिल्या काही महिन्यांत हातपाय सर्वाधिक सुधारतात, आणि नेमकं तेव्हाच फिजिओथेरपीला जायला रिक्षाचे पैसे नसतात. कंत्राटी सफाई कामगार घरी बसला की त्याची मजुरी जाते आणि त्याला उठवायला-बसवायला थांबलेल्या बायकोचीही जाते.

आता योजनांचं वय बघा. श्रावणबाळ ६५ ला, आयुष्मानचं वय वंदना कार्ड ७० ला. पन्नाशीत लकवा मारलेला माणूस शरीराने सत्तरीचा असतो, पण शासनाच्या लेखी म्हातारा नसतो. त्याच्यासाठी उरतो दिव्यांगत्वाचा रस्ता: किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, मग संजय गांधी निराधार योजना. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाला तर ८० टक्के लागतात. काठी टेकत चालणारा, पण गवंडीकाम कायमचं सुटलेला माणूस त्यात बसतोच असं नाही. टक्केवारी अवयवाची मोजतात, रोजगाराची नाही. माझ्या मते आपल्या संघटनांनी मागणी इथेच लावली पाहिजे: अंगमेहनतीच्या कामगारांना वयाची अट खाली आणा आणि तालुक्याला फिजिओथेरपी मोफत द्या.

जयंतीला रक्तदान शिबिर होतं, ते व्हावंच. पण वर्गणीतून एक बीपी मशीन घेतलं, तर दर रविवारी वंदनेनंतर विहारातच चाळिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब वहीत लिहिता येईल, आणि गोळी कोणी सोडली तेही कळेल.