म्हणे वयच तसं आहे!

गेल्या शनिवारी पुण्याहून कोल्हापूरला घरी आलो. एवढी थंडी की दोन चादरी घेऊन झोपलेलो. रात्री तीनला पाणी प्यायला उठलो तर आई हॉलमध्ये फुल्ल पंखा लावून बसलेली. घामाघूम!

"काय झालं गं?"

"काही नाही रे, झोप तू. वयच तसं आहे."

आई ५१ वर्षांची. पाळी जाऊन दोन वर्षं झाली. (हे वाक्य लिहितानाही अवघडलोय बघा.) ऑफिसचा सर्व्हर पडला तर मला रात्रीही कळतं. आईची झोप दोन वर्षं उडालीय, ते कळलं नाही.

रविवारी धीर करून हार्मोनच्या गोळ्यांचा विषय काढला. "नको बाबा, त्याने कॅन्सर होतो."

ही भीती मुख्यतः २००२ सालची. तेव्हा अमेरिकेतला डब्ल्यूएचआय अभ्यास मध्येच थांबवला गेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला. किती? वर्षाला दर १०,००० बायकांमागे ३० च्या जागी ३८. धोका खराच, पण त्यांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त, असं आज तज्ज्ञ मानतात. गरम वाफा कमी होतात, झोप लागते, हाडं टिकतात. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर मात्र सहसा देत नाहीत.

आणि प्रश्न फक्त आपल्या आयांचा नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्यांना बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीने बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती! सोबत दोन्ही अंडाशयंही गेली असतील तर हे सगळं ऐन तिशीत सुरू होतं. अशा बाईला पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत तरी हार्मोन द्यावेत, असं वैद्यकशास्त्र सांगतं. पण तिला हे कोण सांगणार?

माझं मत एवढंच. गोळ्या घ्यायच्या की नाही, हे आईने डॉक्टरांशी बोलून ठरवावं. पण "वयच तसं आहे" म्हणून गप्प बसणं म्हणजे ठरवणं नव्हे.

असो. येत्या शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीय. मी बाहेर थांबतो म्हणालो, तर आई म्हणाली, "आत ये की. एवढं वाचलंयस तर तूच विचार."