ऊन प्लास्टिक फोडते, संपवीत नाही

विदर्भाचा उन्हाळा कडक खरा, परंतु तो शेतीस सर्वस्वी अपायकारक आहे असे नाही. नांगरलेली जमीन वैशाखात तापली म्हणजे किडींचे कोष मरतात व हरळीच्या काशा वाळून जातात, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. ऊन शेत स्वच्छ करते हा आपला जुना अनुभव आहे. याच भरवशावर अलीकडे पुष्कळ शेतकरी फाटका मल्चिंग पेपर, ठिबकच्या जुन्या नळ्यांचे तुकडे आणि खताच्या रिकाम्या गोण्या बांधावर किंवा शेतातच पडू देतात. "दोन उन्हाळ्यांत आपोआप विरून जाईल," असे म्हणतात. माझ्या मते हा समज आज आपल्या जमिनीस घातक ठरत आहे, आणि तो दूर करणे हे गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

उन्हात प्लास्टिकचे काय होते

प्लास्टिक हे अतिशय लांब साखळ्यांचे बनलेले असते. या साखळ्या अखंड असतात तोवर कागद ताणला तरी तुटत नाही, नळी वाकवली तरी चिरत नाही. सूर्यप्रकाशात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. एकंदर उन्हात त्यांचा वाटा थोडा, पण साखळ्या तोडण्याइतकी शक्ती त्यांच्यात असते. तुटलेल्या ठिकाणी हवेतील प्राणवायू जोडला जातो आणि तेथून पुढची तोडफोड आणखी वेगाने होते. उष्णतेने हा वेग वाढतो. प्रथम वरचा पृष्ठभाग निस्तेज होतो, मग बारीक चिरा पडतात आणि शेवटी हात लावताच चुरा होतो.

सर्व प्लास्टिक सारखे टिकत नाही. गोण्या व सुतळ्यांचे पॉलिप्रॉपिलीन संरक्षक द्रव्य नसल्यास लवकर कुजकट होते. पीव्हीसी पाइप उन्हात पिवळसर-तपकिरी पडतो व ठिसूळ होतो. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याचे कारण हेच आहे. त्यांत सुमारे २ ते २.५ टक्के बारीक काजळी मिसळलेली असते. ती किरण स्वतः शोषून घेते व आतील साखळ्यांचे रक्षण करते. पारदर्शक कागदास हे कवच नसते. त्यात वेगळी संरक्षक द्रव्ये घालावी लागतात आणि तीही कालांतराने खर्ची पडतात. गंधकयुक्त किंवा क्लोरीनयुक्त औषधांचा फवारा पॉलिहाऊसच्या कागदावर वारंवार पडल्यास ही द्रव्ये लवकर निकामी होतात, हेही ध्यानात असावे.

नागपूर साधारण २१ अक्षांशांवर असल्याने मेच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो, आणि त्याच सुमारास पारा कधी कधी ४५ अंशांच्या पुढे जातो. काटोल, नरखेड, वरुड या भागांतील संत्रा बागाईतदार मृग बहाराकरिता याच दिवसांत बागेस ताण देतात. पाणी बंद असते, नळ्या कोरड्या व तापलेल्या मातीवर पडून राहतात, आणि आतून थंडावा देणारे पाणी त्यांत नसते. शेततळ्यांचेही तसेच होते. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू झाल्यापासून तळी पुष्कळ झाली. परंतु ज्या वेळी ऊन सर्वांत प्रखर असते त्याच वेळी तळे आटते आणि अस्तराचा मोठा भाग उघडा पडतो.

चुरा जातो कोठे

येथेच खरी फसगत आहे. ऊन प्लास्टिकचे तुकडे करते. पण तुकडे म्हणजे नाश नव्हे. पाऊस पडतो, वखर फिरतो आणि तुकडे मातीखाली जातात. मातीखाली ऊन पोहोचत नाही. जे काम उन्हाने सुरू केले ते तेथे जवळजवळ थांबते. याची साक्ष प्रत्येक मल्चिंगच्या गादीवाफ्यावर मिळते. मधला उघडा पट्टा हातात चुरतो, तर मातीत दाबलेली कड तशीच चिवट निघते. म्हणजे ऊन फोडते आणि माती जपून ठेवते. आपण "विरून गेले" म्हणतो ते केवळ दिसेनासे झालेले असते.

असे तुकडे वर्षानुवर्षे साचले तर काय होते, याचे उदाहरण चीनच्या शिनजियांग प्रांतातील कापसाच्या शेतांत दिसून आले. तेथे अतिशय पातळ कागद मोठ्या प्रमाणावर अंथरला गेला. तो उचलताना फाटत असे, म्हणून शेतातच राहिला. पुढे पाण्याच्या निचऱ्यास व मुळांच्या वाढीस त्याचा अडथळा होऊ लागला. अखेर चीनने २०१७ च्या मानकात कागदाची किमान जाडी ८ मायक्रॉनवरून १० मायक्रॉन केली. आपला कागद सामान्यतः याहून बराच जाड असतो, म्हणून तो उचलता येतो. ही सोय आपण वाया घालवू नये.

आपल्या कापसासही यापासून धोका आहे. उन्हाने झिजलेल्या गोणीचे धागे सुटतात आणि वेचणीत, गाडीत किंवा अंगणातील ढिगाऱ्यात कापसात मिसळतात. असा धागा सुतात कातला जातो, पण त्यास रंग चढत नाही. तयार कापडावर तो डाग म्हणून उमटतो. म्हणून गिरण्या अशा कापसाबद्दल तक्रार करतात. वेचणीस सुती कापडाची ओटी व सुती चादरच वापरावी. खताची गोणी कापसाजवळ येऊ देऊ नये.

शेतकऱ्याने काय करावे

खरेदी करतानाच भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह, जाडी व अतिनील संरक्षणाचा उल्लेख पाहावा आणि पावती जपून ठेवावी. पीव्हीसीची मुख्य व उपमुख्य नळी जमिनीत पुरावी. जो भाग वर राहील त्यास पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्यावा अथवा गोणपाट गुंडाळावे. ताणाच्या काळात बागेतील ठिबकच्या नळ्या गुंडाळून सावलीत ठेवाव्यात, निदान झाडाच्या सावलीत सरकवाव्यात. शेततळ्याच्या अस्तराची वरची कड चरात दाबून मातीने झाकावी.

मल्चिंग पेपर शेवटचा तोडा होताच, माती थोडी ओलसर असतानाच काढावा. तो अजून काढण्याजोगा आहे की नाही हे ओळखण्याची रीत सोपी आहे. एक पट्टी दोन्ही हातांनी ताणावी. लांबून मग तुटली तर कागद अखंड निघेल. न लांबता फाटली तर वेळ हातची जात आहे असे समजावे. उन्हाळा उलटू देणे म्हणजे एका दिवसाचे काम दहा वर्षांच्या वेचणीवर लोटणे होय. काढलेले प्लास्टिक जाळू नये. विशेषतः पीव्हीसी जाळल्यास हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू व अत्यंत विषारी द्रव्ये निर्माण होतात.

"उन्हाने आपोआप विरघळणारे" म्हणून विकल्या जाणाऱ्या मालावरही भुलू नये. केवळ लवकर तुकडे होणे म्हणजे विघटन नव्हे. युरोपीय संघाने अशा ऑक्सो-विघटनशील प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यास २०१९ च्या निर्देशाने मनाई केली आहे. जमिनीतील जीवाणू पूर्णपणे पचवू शकतील असा कागद ही निराळी वस्तू आहे व तिची कसोटीही निराळी आहे.

उचलण्याची जबाबदारी कोणाची

शेतकरी बंधू विचारतील, कागद काढण्याची मजुरी कोण देणार आणि मातीने माखलेला कागद घेणार कोण? हा प्रश्न रास्त आहे. भंगारवाला त्यास फारसा भाव देत नाही. म्हणून केवळ उपदेशाने हे काम होणार नाही. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीवर जबाबदारी टाकलेली आहे. प्रत्येक गावात शेतीच्या प्लास्टिकसाठी एक सावलीची जागा व वर्षातून दोन ठरावीक दिवस, म्हणजे रब्बीनंतर एक आणि पेरणीपूर्वी एक, नेमले तर माल एकत्र होईल. एकत्रित व झटकून स्वच्छ केलेल्या मालास गिऱ्हाईक मिळणे सोपे असते. २०२२ पासून वेष्टनाचे प्लास्टिक परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर निश्चित झाली आहे. शेतात अंथरलेला कागद हे वेष्टन नव्हे. तथापि त्याच्याकरिताही तशीच व्यवस्था व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्यकर्त्यांनीही आपली रीत बदलावी. मल्चिंगचे प्रात्यक्षिक आपण कागद अंथरून पुरे झाले असे मानतो. यापुढे ते कागद उचलल्यावरच पुरे झाले असे मानावे, आणि अंथरण्याच्या दिवशीच उचलण्याची तारीख शेतकऱ्याच्या वहीत लिहून द्यावी. पाण्याची बचत व तणांचा बंदोबस्त हा प्लास्टिकचा लाभ आपण घेतला आहे आणि पुढेही घ्यावयाचा आहे. परंतु जी काळी जमीन पूर्वजांनी आपल्या हाती दिली, ती प्लास्टिकच्या चुऱ्यासकट मुलांच्या हाती देणे आपणांस शोभणार नाही. आपण जे शेतात आणले ते उन्हाच्या आधी आपणच उचलले पाहिजे.