दुसरा मेजर कोणता? तांत्रिक लेखनाचा विचार आपण का करत नाही

बारावीचा निकाल लागला की वस्त्यावस्त्यांतल्या विहारांमध्ये प्रवेश मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. आम्ही कार्यकर्ते त्यात काही वर्षांपासून आहोत. मुख्य विषय कोणता घ्यावा यावर तिथे तासभर चर्चा होते, दुसरा विषय कोणता यावर पाच मिनिटेही होत नाही. कॉलेजच्या यादीत जे उरले असेल ते घ्यायचे, असाच आपल्या बहुतेक मुलामुलींचा प्रकार. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हा निष्काळजीपणा आपल्याला परवडणारा नाही.

महाराष्ट्रात हे धोरण २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार विद्यार्थ्याला एका पदवीत दोन मेजर घेता येतात. अट अशी, की दुसऱ्या विषयात किमान ४० टक्के श्रेयांक मिळवायचे. तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी ते ४८ होतात. आपल्याकडच्या साध्या कॉलेजात हातात पडतो तो मायनर, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. तरीही दार उघडले आहे, आणि त्या दारातून कोणता विषय आत आणायचा हे ठरवायची वेळ आता आहे. आमचे म्हणणे असे, की विज्ञान, शेती, फार्मसी किंवा संगणक शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी तांत्रिक व वैज्ञानिक लेखन हा दुसरा विषय मागून घेतला पाहिजे. मागून घेतला पाहिजे असे म्हणतो, कारण तो आयता यादीत सापडणार नाही.

हा विषय म्हणजे निबंध नव्हे आणि 'कम्युनिकेशन स्किल'चा तासही नव्हे. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, यंत्राचे माहितीपुस्तक, सॉफ्टवेअर वापरण्याच्या सूचना, प्रयोगशाळेतली कार्यपद्धती, नव्या औषधाच्या चाचणीचा अहवाल हे सगळे कोणीतरी लिहिलेले असते. दुसऱ्या महायुद्धात विमाने आणि शस्त्रे हजारो नवख्या सैनिकांच्या हाती द्यावी लागली. ती चालवायची कशी, दुरुस्त करायची कशी, हे सोप्या शब्दांत लिहिणाऱ्यांची गरज पडली आणि त्यातून अमेरिकेत हा स्वतंत्र पेशा वाढला. १९५० च्या दशकात तिथल्या विद्यापीठांत त्याच्या पदव्या सुरू झाल्या. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आजही हा विषय इंग्रजी विभागात शिकवला जातो आणि इतर शाखांचे विद्यार्थी तो जोडीचा मेजर म्हणून घेऊ शकतात. आपल्याकडे पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या आयटी आणि औषध कंपन्यांत टेक्निकल रायटर, मेडिकल रायटर ही पदे आहेत. आपल्या वस्तीतल्या किती पालकांनी ही नावे ऐकली आहेत?

नोकरीचा मुद्दा महत्त्वाचा आहेच, पण आम्हाला त्याहून मोठा वाटतो तो वेगळा मुद्दा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. कीटकनाशकाच्या डब्यावर सूचना नव्हत्या का? होत्या. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे डब्यावर चौकोनी चिन्ह असते. त्यातला लाल रंग म्हणजे अतिविषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. सोबत माहितीपत्रक असते, प्रादेशिक भाषेतही असते. पण ते पत्रक मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि भाषा अशी की कृषी पदवीधरालाही दोनदा वाचावी लागेल. 'योग्य ती संरक्षक साधने वापरावीत' असे लिहिले की लिहिणारा कायद्याने मोकळा. योग्य म्हणजे कोणती, ती भाद्रपदातल्या उकाड्यात आठ तास अंगावर कशी ठेवायची, मिळालीच नाहीत तर काय करायचे, याबद्दल एक ओळ नाही.

त्याहून मूलभूत चूक वाचक ओळखण्यात आहे. डबा विकत घेतो तो शेतमालक. पत्रक पडते ते त्याच्या घरी किंवा दुकानाच्या काउंटरवर. मजुराच्या पाठीवर येतो तो भरलेला पंप, आत कोणते औषध किती मिसळले आहे हेही त्याला कोणी सांगत नाही. हा मजूर बहुतेक वेळा दलित, आदिवासी किंवा भटक्या समाजातला भूमिहीन माणूस असतो. म्हणजे ज्याच्या जिवाशी गाठ आहे, त्याला उद्देशून त्या डब्यावर एकही वाक्य नाही. ही भाषेची चूक म्हणून सोडून देता येत नाही, तिच्यामागे समाजरचना आहे. अर्थात यवतमाळचे मृत्यू केवळ पत्रकामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. औषधांची बेकायदा विक्री, सरकारी यंत्रणेची ढिलाई, मजुरीची लाचारी हे सगळे त्यात होते. पण पंपावरच चिकटवता येईल अशी, चित्रांची, पाच ओळींची सूचना कोणाला सुचली नाही, कारण सूचना लिहिणाऱ्याच्या घरात कोणी पंप पाठीवर घेतलेला नव्हता.

या विषयाचा पहिला धडाच असा आहे, की आधी वाचक कोण ते ठरवा. तो कुठे उभा आहे, त्याचे हात ओले आहेत का, त्याला किती वाचता येते. मग एका वाक्यात एकच कृती सांगा, धोक्याची सूचना कृतीच्या आधी द्या, नंतर नको. आणि लिहिलेले खऱ्या वापरणाऱ्याच्या हाती देऊन बघा, तो अडखळला तर तुम्ही परत लिहा, त्याला अडाणी म्हणू नका. ज्या मुलीची आई फवारणीला किंवा कारखान्यात पॅकिंगला जाते, तिला हा वाचक पुस्तकातून शिकावा लागत नाही. आपल्या मुलांच्या अनुभवाला विद्यापीठात एरवी शून्य गुण मिळतात. या विषयात तो अनुभव भांडवल ठरू शकतो.

आपल्या परंपरेलाही हे परके नाही. विनयपिटकात प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदसात, म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत बसवण्याची परवानगी मागितली. भगवंतांनी ती साफ नाकारली आणि धम्म आपापल्या बोलीत शिकावा असे सांगितले. बाबासाहेबांकडे आपण वक्ते, घटनाकार म्हणून पाहतो. पण १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ म्हणजे आकडे, तक्ते आणि तर्क यांनी रचलेले शास्त्रीय लेखन आहे. त्याच अभ्यासाच्या बळावर त्यांनी १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. आणि हाच माणूस 'मूकनायक' मराठीत काढत होता. दोन वाचक आणि दोन भाषा, हात मात्र एकच. जयंतीच्या भाषणांत या गोष्टीचा उल्लेख फार क्वचित होतो.

आता अडचणी. हा विषय आला तरी तो शहरातल्या महागड्या, इंग्रजी माध्यमाच्या स्वायत्त कॉलेजांत आधी येईल, आणि फक्त इंग्रजीत येईल. तसे झाले तर आपली मुले पुन्हा बाहेर. मराठीतली सरकारी परिभाषा इतकी संस्कृतजड आहे, की पत्रकाचे मराठी वाचण्यापेक्षा इंग्रजी परवडले असे बीएस्सीची मुलेच म्हणतात. म्हणून अभ्यासक्रम दोन्ही भाषांत हवा आणि विज्ञान, मराठी, इंग्रजी या तिन्ही विभागांनी मिळून शिकवायला हवा. रिकाम्या प्राध्यापकपदांच्या काळात हे सोपे नाही, हे मान्य.

दुसरी अडचण एआयची. मॅन्युअल आता यंत्र लिहिते, मग हे शिकायचे कशाला, असे आम्हाला विचारले जाते. साधे, साचेबद्ध काम यंत्राकडे जाणार, यात शंका नाही. म्हणूनच नुसती लेखनाची पदवी घेऊ नका, असेच आम्ही सांगतो. पहिला मेजर रसायनशास्त्र, फार्मसी, शेती असा भक्कम हवा. यंत्राने दिलेल्या मात्रेत एक शून्य जास्त पडले आहे, हे विषय येणाऱ्यालाच कळेल.

पैशाचेही बघा. २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला आयोगाची परवानगी आहे. त्याच्या जाहिराती करणाऱ्या खासगी संस्था आता आपल्या वस्त्यांत येऊ लागल्या आहेत. पण भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्याला सोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, म्हणजे दुसऱ्या पदवीची फी खिशातून. एकाच पदवीतला दुसरा मेजर किंवा मायनर मात्र त्याच प्रवेशात, महाडीबीटीच्या त्याच अर्जात बसतो. हा फरक पालकांना कोणी समजावून सांगत नाही.

सुरुवात कुठून व्हावी? पीपल्स एज्युकेशन सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ मध्ये स्थापन केली, मुंबईचे सिद्धार्थ १९४६ मध्ये आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये उभे राहिले. विज्ञान शिकायला खेड्यातून आलेली पहिली पिढी या वर्गांत बसली. या संस्थांच्या आजच्या अवस्थेवर आपण पुष्कळ भांडतो, ते भांडण चालू द्या. पण त्यांच्या प्राचार्यांकडे आणि विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवर असलेल्या आपल्या प्राध्यापकांकडे एक लेखी मागणी या वर्षीच जाऊ शकते: तांत्रिक व वैज्ञानिक लेखनाचा मायनर, मराठी आणि इंग्रजीत. प्रात्यक्षिकासाठी दूर जायला नको. जवळच्या कृषी सेवा केंद्रातून एक पत्रक आणावे, ते पुन्हा लिहावे आणि फवारणीला जाणाऱ्या दहा मजुरांना वाचून दाखवावे.